रोबोटच्या पोटातला आवाज

मस्कतच्या रुवी भागातल्या दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणारी खुदेजा बोलण्यात कुणाला हार जाणारी बाई नव्हे. मल्याळी नर्सशी हिंदीत, ओमानी पेशंटशी अरबीत आणि गुहागरहून आलेल्या बाप्याशी मराठीत ती एकाच वेळी भांडू शकते, आणि तिन्ही भांडणं जिंकते. नंबर सोडून कुणी पुढे घुसून दाखवावं, बघा काय होतं ते. पण हीच बाई घरी स्वतःच्या बापासमोर उभी राहिली की तिची बोलती बंद. हे काय गौडबंगाल आहे, ते वयाची सेहेचाळीस वर्षं झाली तरी तिला उमगलं नव्हतं.

बाप म्हणजे हुसैनमियाँ. उभं आयुष्य मस्कतच्याच हमरिया भागातल्या भांड्यांच्या दुकानात काढलेला माणूस. बायको, म्हणजे खुदेजाची आई कुबरा, गेली तेव्हा लेकीनेच त्यांना आपल्या फ्लॅटवर आणून ठेवलं. जावई जहाजावर, वर्षातून दोनदा उगवणारा. घरात खुदेजा, दहावीतली लेक निदा आणि हे. पहाटे नमाजला जायचं, येताना खुबूस, म्हणजे अरबी रोट्या, आणायच्या, गॅलरीत बसून खालची रहदारी बघायची. दिवसभरात किती बोलतात म्हणाल तर ‘चहा हाय काय’ आणि ‘पंखा बंद कर’. त्रास म्हणून काडीचा नाही. एखाद्याचा त्रासच नसावा, हाही एक त्रास असतो, पण तो सांगणार कुणाला?

त्या दिवशी जेवताना हुसैनमियाँ म्हणाले, “मी आता गावाला रावायला जातो. कायमचा.”

“कधी?”

“या जुम्म्याच्या दुसऱ्या दिवशी. तिकीट काढला हाय.”

खुदेजाने त्यांच्या ताटात आमटी वाढली. खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिला सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज वाटली. गावातलं घर कुलपात, आजूबाजूची दारं बंद, अब्बांचे गुडघे गेलेले. तिकडे पाण्याचा ग्लास कोण देणार? अशा वेळी कुठलीही लेक ‘अब्बा, जाऊ नका’ म्हणते. तीन शब्द. त्यासाठी काही पैसे पडत नाहीत. पण ते तीन शब्द काही तिच्या तोंडातून बाहेर पडेनात. “आणखी भात घ्या,” ती म्हणाली.

रात्रभर तिने स्वतःला शिव्या घातल्या. काय वाईट केलं होतं या माणसाने? शिकवलं, लग्न लावलं, कधी हात उगारला नाही. तरी लहानपणापासून त्याच्याकडे बघितलं की तिच्या मनात एकच यायचं, की हा आपला अब्बा नव्हे. आपला अब्बा कुणी दुसरा आहे. असलं भलतंसलतं कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती.

ते सुरू झालं एका रोबोटपासून. खुदेजा लहान होती तेव्हा आखातातली माणसं घरी पत्रं कमी लिहायची, कॅसेटी जास्त भरायची. टेपरेकॉर्डरसमोर बसून बायकोला, आईला काय सांगायचं ते बोलायचं आणि गावी निघालेल्या कुणाच्या तरी हाती ती डबी द्यायची. हुसैनमियाँनी त्याच्या पुढची मजल मारली. त्यांनी आधी व्हीसीआर पाठवला, आणि मग त्यावर लावायला एक जपानी मालिका. चांदीच्या रंगाचा डोंगराएवढा रोबोट, आभाळाकडे टॉर्च मारून त्याला बोलावणारा एक मुलगा, आणि दर भागात समुद्रातून वर येणारा नवा राक्षस. आज बघाल तर पोट धरून हसाल. रोबोटच्या आत सरळ सरळ माणूस घातलेला, चालताना त्याच्या गुडघ्यांवर रबराच्या घड्या पडायच्या. कोसळणाऱ्या इमारती थर्माकोलच्या, रणगाडे खेळण्यातले, आणि राक्षसाच्या पाठीवर चक्क चेन. पण दापोलीजवळच्या त्या मोहल्ल्यात लहानथोर दाटीवाटीने बसून ते बघायचे, कारण ही जपानी माणसं चक्क आपल्यासारखं कोकणी बोलत होती.

मूळ कॅसेट अरबी होती. तिच्यावर अब्बांनी आपला आवाज भरून पाठवला होता. काय आवाज होता तो! खर्जातला, भरदार, ऐकताना जमीन हलल्यासारखं वाटायचं. मुलाचं तोच बोलायचा, राक्षसाचं तोच, आणि मध्येच “खुदेजा, आता डोले मिट, आता हा पडणार हाय” असंही तोच सांगायचा. राक्षसाची चेन दिसली की म्हणायचा, “ती त्याच्या पाठीची हाडां हायत.” आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्या रोबोटच्या पोटात मुलाचा बाप बसलेला होता. तोच आतून रोबोट चालवायचा. बाहेर येऊन पोराला उचलून घ्यावं असं त्याला फार वाटायचं, पण तो बाहेर आला की रोबोट पडणार आणि गाव बुडणार. म्हणून बिचारा आतूनच बोलायचा. खुदेजाला ते लगेच पटलं. तिचाही बाप असाच कशाच्या तरी पोटात बसलेला होता की.

मग तिच्या आठव्या वर्षी अब्बा रजेवर आले. ती जन्मली तेव्हा येऊन गेले होते, नंतर एकदा ती रांगत असताना. म्हणजे तिच्या आठवणीतली ही पहिलीच भेट. दारात बॅगा उतरल्या, अत्तराचा वास आला, अख्खा मोहल्ला गोळा झाला. टोपीवाल्या सडसडीत माणसाने खाली वाकून बारीक, चिरक्या आवाजात हाक मारली, “खुदेजा.” ती आईच्या पाठीमागे लपली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, “ह्यो अब्बा नाय.”

लोक हसले. कुबरा म्हणाली, “मशीनमध्ये आवाज जाड होतो गो, अब्बाच हायत.” मशीनमध्ये आवाज जाड होतो हे खुदेजाने मान्य केलं, लहान पोर काय वाद घालणार? पण रजा संपेपर्यंत ती त्यांच्या मांडीवर काही बसली नाही. ते मस्कतला परत गेले, थोड्या दिवसांनी नवी कॅसेट आली आणि त्यात तो भरदार आवाज पुन्हा बोलू लागला, तेव्हा ती आनंदाने रडली. आज ते आठवलं तरी तिला कसंतरीच होतं.

तर तिकिटाचं कळल्यावर दोनच दिवसांनी हा प्रकार घडला. खुदेजा काउंटरच्या खाली वाकून प्रिंटरचा अडकलेला कागद ओढत होती. वरून कुणीतरी म्हणालं, “ताई, नाव कुठे सांगायचं?”

ती तशीच वाकलेली राहिली. हा आवाज तिच्या कॅसेटमधल्या बापाचा होता. बाप तर घरी गॅलरीत बसलेला. आणि हा तर मशीनमधून येत नव्हता, माणसाच्या घशातून येत होता. ती हळूच वर आली. समोर पांढऱ्या मिशांचा, जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक म्हातारा गाल धरून उभा होता. नाव सदानंद. मूळ महाडकडचे, मुलगा धम्मदीप दोन तासांवरच्या सोहारला स्टीलच्या कारखान्यात इंजिनिअर, त्याच्याकडे राहायला आलेले आणि चार दिवस त्याच्याबरोबर मस्कतला उतरलेले. दाढेत कीड. तिने सगळं लिहून घेतलं, पण विचारलं काहीच नाही. काय विचारणार? ‘काका, तुमच्याकडे माझ्या अब्बांचा आवाज कसा?’ असं विचारलं असतं तर म्हाताऱ्याने तिलाच डॉक्टरकडे पाठवलं असतं. दाढेचं काम दोन खेपांचं निघालं, पुढची तारीख गुरुवारची.

घरी येऊन तिने चहा देताना सहज विचारल्यासारखं केलं. “अब्बा, सदानंद नावाचा कुणी तुमच्या वळखीचा हाय?”

हुसैनमियाँचा कप ओठांपाशी थांबला. “असेल. हमरियात पुष्कळ माणसां रावायची,” ते म्हणाले आणि अजान व्हायला अवकाश असताना मशिदीत निघून गेले. चहा तसाच.

आता खुदेजाचं डोकं गरगरायला लागलं. तिने निदाला बसवलं. “टॉर्चवाला मुलगा, चांदीचा रोबोट, जपानी. शोध मोबाईलवर.” ही हल्लीची पोरं, आईने पाणी मागितलं तर ऐकू जात नाही, पण असलं काही शोधायचं म्हटलं की बोटं कशी चालतात. निदाने ते काढलं, वर इंग्रजीत अक्षरंही येत होती. दोघी बघायला बसल्या. तीच थर्माकोलची इमारत, तोच चेनवाला राक्षस. पण गोष्ट भलतीच.

“मम्मी, तू म्हणालीस रोबोट बोलतो.”

“बोलतो ना.”

“नाही बोलत. एक वर्डसुद्धा नाही. तो फक्त मशीन आहे. आणि याचा डॅड तर स्टार्टलाच मरतो.”

“मग पोटात कोण हाय?”

निदाने पुढेमागे करून पाहिलं. “पोटात काहीच नाही. बॅटरी आहे, आय थिंक.”

खुदेजा पडद्याकडे बघत राहिली. बॅटरी. ज्याच्यावर तिने सगळं लहानपण काढलं त्या रोबोटच्या पोटात बॅटरी. गोष्ट खोटी, आवाज दुसऱ्याचा, मग खरं काय होतं? निदा म्हणाली, “शेवट बघूया?” तर खुदेजाने मोबाईलच उलटा करून ठेवला.

गुरुवारी सदानंद आले तेव्हा तिने काय करावं? त्यांचा नंबर लागला होता, तर तिने तो आपल्या हाताने खाली सरकवला आणि मागच्या बाईला आत पाठवलं. एवढ्या वर्षांत तिने असा कायदा कधी मोडला नव्हता. पण एकदा का सुई टोचली की म्हाताऱ्याचं तोंड बधिर, मग काय कप्पाळ ऐकणार? ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली.

“काका, मी हुसैनमियाँची मुलगी.”

सदानंदांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “खुदेजा?” ते म्हणाले. “त्याने मला सांगितलं होतं, माझ्या पोरीसमोर तोंड उघडायचं नाही. आणि मी येऊन थेट तिच्याच काउंटरवर उघडलं.”

मग ते बोलले. खोली हमरियात, तिघांची. सदानंद रुवीत टीव्ही-व्हीसीआर दुरुस्त करायचे. त्यांचे वडील आंबेडकरी जलशात गाणारे, तो गळा यांच्यात उतरलेला. खोलीतले सगळे शुक्रवारी घरी पाठवायच्या कॅसेटी भरायचे. “हुसैनसमोर माईक ठेवला की त्याला घाम फुटायचा. ‘सगले ठीक हायत ना’ एवढंच बोलायचा. पुढे कॅसेटभर पंख्याचा आवाज. तुझी आई कळवायची, कॅसेट रिकामी आली. मग मीच म्हटलं, आण इकडे, मी बोलतो. एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर उतरवताना आवाजाच्या वायरीच्या जागी माईक जोडायचा, झालं. आणि रोबोटचं तर सगळ्यात सोपं. त्याचं तोंडच हलत नाही. काय वाटेल ते बोला, ओठ जुळवायची भानगड नाही.”

“आणि तुम्ही कोकणी बोलायचात?”

“चार वर्षं तुझ्या बापाच्या शेजारी झोपलो. येणार नाही तर काय?”

“पण तो पोटातला बाप कुणी घातला?”

“तो हुसैनचा,” सदानंद म्हणाले. “मला कुठून सुचणार? माझं तर तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं.”

खुदेजाला बरं वाटलं. मग तिने विचारू नये ते विचारलं. “ते रजेवर येऊन गेले, त्यानंतरही कॅसेट आली. तीसुद्धा तुमचीच?”

सदानंदांनी गालावरचा हात खाली घेतला. “तो परत आला तेव्हा मी विचारलं, काय म्हणते पोर? तो म्हणाला, ती तुला वळखते, मना नाय. मला इतकं वाईट वाटलं. मी म्हटलं, पुरे हे, खरं सांगून टाक, मी आता बोलणार नाही. आम्ही महिनाभर एकमेकांशी धड बोललो नाही. मग एका शुक्रवारी नवी कॅसेट घेऊन समोर बसला. म्हणाला, ‘बोल सदा. अब्बा म्हणून ती कुणाचा तरी ऐकते ना? ता कशाला बंद करायचा?’ मग बोललो मी. पुढे मला सोहारला नोकरी लागली, तेव्हा त्याने एकच गोष्ट मागितली. घरी यायचं नाही, फोन करायचा नाही. तू बोललास की संपलं, म्हणाला.”

आतून डॉक्टरांनी हाक मारली. सदानंद उठले. जाताना ते आणखी काही म्हणाले, पण खुदेजाला ते ऐकू आलं नाही. ती रडत होती, आणि चार पेशंट तिच्याकडे बघत होते, आणि तिला त्याची जराही पर्वा नव्हती.

जुम्म्याच्या दुपारी हुसैनमियाँ मशिदीतून आले, जेवले आणि बॅग भरायला बसले. दुसऱ्या दिवशीचं विमान. खुदेजा दारात उभी राहिली. आदल्या दिवसापासून तिने मनात फार छान बोलणं जुळवून ठेवलं होतं, पण तोंड उघडलं तर भलतंच बाहेर आलं.

“सदानंदकाका दवाखान्यात आले होते.”

हुसैनमियाँनी घडी घातलेला सदरा पुन्हा उघडला आणि पुन्हा घडी घातली. “दात दुखतो त्याचा?”

“अब्बा, मी तुमच्यावर एवढी वर्सां रुसून होते. कशासाठी ता मना ठाव नव्हता. तुमाला ठाव होता.”

“होता.”

“मग सांगितला का नाय?” तिचा आवाज चढला. तिला राग आला होता, खराखुरा राग. एवढा जीव लावायचा आणि त्यावर दुसऱ्याचं नाव पडू द्यायचं, ही कुठली तऱ्हा? “मी आपली स्वतःलाच दगड समजत राहिले.”

“तवा सांगितला असता तर तुझा रोबोट मेला असता,” हुसैनमियाँ म्हणाले.

“आणि मोठी झाल्यावर?”

“मोठी झाल्यावर तू विचारला नायस.”

खुदेजा पलंगाच्या कडेला बसली. “निदान तो पोटातला बाप तरी तुमचा होता. काका बोलले मना.”

“नाय गो,” हुसैनमियाँनी मान हलवली. “तो सदाचाच. मना कवा काय सुचला हाय? मी कॅसेट आणायचो आणि चहा करायचो.”

“ते तर सांगतात तुमचा.”

“तो खोटा बोलतो. चांगला माणूस हाय.”

आता मात्र खुदेजाला खरोखर हसावं की रडावं कळेना. दोन म्हातारे, एक गोष्ट, आणि घ्यायला कुणी तयार नाही. कोण खरं, कोण खोटं, हे शोधत बसली तर तिचाही जन्म जाईल. तिने बापाकडे पाहिलं. तोच सडसडीत माणूस, तोच चिरका आवाज. आतून काही एकदम बदललं असेल असं तिला वाटलं होतं, पण तसं काही झालेलं नव्हतं. जीव अजूनही त्या दुसऱ्या, भरदार आवाजाकडेच धावत होता. त्याला ती काय करणार? फक्त या माणसाने उद्या विमानात बसू नये असं तिला वाटत होतं.

“अब्बा, जाऊ नका,” ती म्हणाली.

हुसैनमियाँचे हात बॅगेत थांबले. वर न बघताच त्यांनी विचारलं, “कुणाला सांगतंस? मना, का त्याला?”

पटकन ‘तुम्हालाच’ म्हणून मोकळं होता आलं असतं. काउंटरवर ती दिवसातून दहा वेळा असलं बोलते. पण या माणसाला आयुष्यभर उसनं बोलणंच मिळालं होतं, आणखी एक द्यायला तिची जीभ वळेना.

“मना ठाव नाय,” खुदेजा म्हणाली. “पण तुमी रावा.”

हुसैनमियाँनी तिच्याकडे पाहिलं. मग सदरा बॅगेतून काढून बाजूला ठेवला.

“एवढा चालेल,” ते म्हणाले.